उंबरठ्यावरचा शिपाई

युद्धाची गोष्ट हाती आली, की ती सांगणारा माणूस कोठे उभा आहे हे प्रथम पाहावे. आपला शाहीर रणाकडे तोंड करून उभा असतो. त्याला तलवारीचे पाते दिसते, घोड्यांच्या टापा ऐकू येतात, पडलेल्या वीराचे नाव-गाव ठाऊक असते. बखरकार सेनापतीच्या डेऱ्याजवळ बसलेला असतो. मसलती, खलिते, रुसवेफुगवे यांची त्याला खडान्‌खडा माहिती असते. पण फौज ज्या गावावरून गेली त्या गावातल्या एखाद्या घरात त्या रात्री काय घडले, दाराला आतून अडसर घालून बसलेल्या बाईने बाहेरची पावले ऐकून मनाशी काय म्हटले, हे दोघेही सांगत नाहीत. ते त्यांचे कामच नव्हते. ते काम पुढे कादंबरीकाराकडे आले. मराठी कादंबरीने मात्र ते अजून पुरतेपणी अंगावर घेतलेले नाही, असे माझे मत आहे. त्या मताची कारणे येथे मांडायची आहेत. आणि त्यासाठी थोडा वेळ परमुलखात जाऊन यावे लागेल.

तो मुलूख फ्रान्सचा. १४ जून १९४० रोजी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि २५ ऑगस्ट १९४४ रोजी ते शहर मुक्त झाले. मधली चार वर्षे फ्रेंच माणूस शत्रूबरोबर राहिला. ‘बरोबर’ हा शब्द येथे शब्दशः घ्यायचा. जर्मन अधिकाऱ्यांना राहण्यासाठी गावोगावच्या घरांतल्या खोल्या ताब्यात घेतल्या जात. एकच जिना, एकच अंगण, एकच स्वयंपाकघर. रणांगणावर शत्रूला चेहरा नसतो. जिन्यात भेटणाऱ्या शत्रूला चेहरा असतो, आवाज असतो, सर्दी होते, घरून पत्र आले नाही की तो खिन्न दिसतो. या प्रसंगाने फ्रेंच साहित्याला जो विषय दिला त्याला मी ‘उंबरठ्याचा विषय’ म्हणतो. कोण आत आहे, कोण बाहेरून आला आहे, आणि दोघांमधल्या त्या चार बोटे उंच लाकडाचे काय होते, एवढाच तो विषय.

त्याचे बी फार आधी पडले होते. मोपासाँची ‘बूल द स्वीफ’ ही १८८० मधली कथा आपल्याकडच्या कथावाचकांना अपरिचित नाही. प्रशियाच्या फौजांनी व्यापलेल्या प्रदेशातून एक घोडागाडी निघाली आहे. आत प्रतिष्ठित मंडळी आणि एक वेश्या. वाटेत एक प्रशियन अधिकारी गाडी अडवतो; ती स्त्री त्याच्या खोलीत जाईपर्यंत गाडी सुटणार नाही. ती नकार देते, देशाभिमानाने नकार देते. तेव्हा तीच प्रतिष्ठित मंडळी तिला गोड बोलून, दाखले देऊन त्या खोलीकडे ढकलतात. आणि गाडी सुटल्यावर तिच्या शेजारी बसायलाही त्यांना लाज वाटते. मोपासाँने शत्रूवर फारसे शब्द खर्च केलेले नाहीत. शत्रू आला म्हणजे आपल्याच घराचे वासे कसे दिसू लागतात, हे त्याला दाखवायचे होते. उंबरठ्याच्या साहित्याचे हे पहिले लक्षण मानावे.

दुसरे लक्षण व्हेर्कोरच्या ‘समुद्राचे मौन’ या छोट्या पुस्तकात सापडते. व्हेर्कोर हे झां ब्रुलेर या चित्रकाराने घेतलेले टोपणनाव. हे पुस्तक १९४२ मध्ये जर्मन अमलाखालच्या पॅरिसमध्येच गुप्तपणे छापले गेले. एका म्हाताऱ्याच्या आणि त्याच्या तरुण पुतणीच्या घरात व्हेर्नर फॉन एब्रेनाक नावाचा जर्मन अधिकारी राहायला येतो. तो संगीतकार आहे, सभ्य आहे, फ्रेंच साहित्यावर त्याचे मनापासून प्रेम आहे. रोज संध्याकाळी तो शेकोटीपाशी येतो, बोलतो आणि शुभरात्री म्हणून जातो. काका-पुतणी एक शब्दही उच्चारीत नाहीत. जर्मनी आणि फ्रान्स यांचे जणू लग्न लागेल, असे स्वप्न तो बोलून दाखवतो. पुढे पॅरिसला गेल्यावर त्याच्या सोबत्यांना फ्रान्सचा आत्माच ठेचायचा आहे हे त्याला कळते, आणि तो स्वतःहून रशियाच्या आघाडीवर निघून जातो. जाताना पुतणीच्या तोंडून निरोपाचा एकच शब्द निघतो.

हा अधिकारी फारच गोड रंगवला आहे, असा आक्षेप त्या काळातच आर्थर कोस्लरसारख्या लेखकांनी घेतला होता. तो आक्षेप मला अर्धाच पटतो. एब्रेनाक आडदांड असता, तर त्याच्याशी अबोला धरण्यात कसोटी ती काय? माणूस चांगला आहे, त्याचे बोलणे ऐकावेसे वाटते, आणि तरीही तो ज्या दारातून आत आला ते दार त्याने विचारून उघडलेले नाही. कथेची सारी धार या एका ‘तरीही’मध्ये आहे.

नाशिकच्या माणसाला हे वाचताना एक नाव आठवल्यावाचून राहणार नाही. जॅक्सन हा येथला कलेक्टर. तो काही लष्करातला शिपाई नव्हता. पण परक्या सत्तेचा गावातला चेहरा तोच. संस्कृतचा व्यासंगी, लोकांत मिसळणारा, ‘पंडित जॅक्सन’ म्हणून नावाजलेला. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटक पाहायला तो आला असता अनंत कान्हेरे या तरुणाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्या खटल्याला चालना देणारा अधिकारी हाच होता. कान्हेरे यांना कर्वे आणि देशपांडे या साथीदारांसह १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. व्हेर्कोरच्या कथेतली पुतणी गप्प राहिली. येथे पिस्तूल बोलले. या दोन प्रसंगांत कोण बरोबर हे ठरवणे समीक्षेचे काम नाही. पण लेखकाच्या नजरेने पाहिले तर मराठीने जॅक्सनचे दोन तुकडे करून ठेवले आहेत. एका कप्प्यात जुलमी कलेक्टर, दुसऱ्या कप्प्यात संस्कृतप्रेमी पंडित. मराठी नाटक पाहायला हौसेने आलेला आणि मराठी माणसाला काळ्या पाण्यावर पाठवायला कारण झालेला असा एकच माणूस, एकाच खुर्चीवर बसलेला, हे चित्र कादंबरीकाराची वाट पाहत राहिले आहे.

व्हेर्कोरने जे मौन एका खोलीत बसवले ते ईरेन नेमिरोव्स्कीने गावभर पसरवले. ही बाई कीव्हमध्ये १९०३ साली जन्मलेली, ज्यू, फ्रेंचमध्ये लिहून नाव मिळवलेली. पॅरिस पडल्यावर ती एका खेड्यात राहत होती आणि समोर जे घडत होते ते बारीक अक्षरांत वहीत उतरवीत होती. जुलै १९४२ मध्ये तिला पकडून नेले आणि १७ ऑगस्टला आउश्वित्झमध्ये तिचा अंत झाला. वही मुलींनी एका पेटीत सांभाळून ठेवली. ‘स्वीत फ्रांसेज’ या नावाने ते अपुरे लेखन प्रसिद्ध झाले ते २००४ साली, म्हणजे बासष्ट वर्षांनी.

त्यातला ‘दोल्चे’ हा दुसरा भाग आपल्या विषयाचा. बुसी नावाच्या खेड्यात जर्मन पलटण उतरली आहे. ल्यूसिलचा नवरा जर्मनांच्या कैदेत आहे. घरात ती आणि तिची कडवी सासू. आणि त्याच घरात ब्रुनो फॉन फाल्क हा अधिकारी राहायला येतो. दोघांची मने जुळू लागतात. तेवढ्यात गावातला बनुआ नावाचा शेतकरी एका जर्मन अधिकाऱ्याला गोळी घालून पळतो आणि ल्यूसिलच्याच घरात लपवला जातो. आता एका छपराखाली प्रियकर आणि त्याच्या सोबत्याचा मारेकरी. दार एकच, आणि किल्ली ल्यूसिलच्या हाती. नेमिरोव्स्की येथे एकही मोठे वाक्य लिहीत नाही. गावात लोणी कोणाकडे आहे, कोणती बाई शिपायाला पाहून पदर सावरते, कोणती जमीनदारीण आपले धान्य शेजाऱ्यापासून लपवते, एवढेच ती सांगत जाते. आपल्याला मारायला निघालेल्या लोकांतल्या एका माणसाला इतके माणूस म्हणून पाहणे तिला कसे साधले, याचे नवल वाटते. द्वेष कमी असल्यामुळे ते साधले असे मला वाटत नाही. नजर शाबूत होती म्हणून साधले.

शिपाई निघून गेल्यावर काय होते, हा या विषयाचा तिसरा भाग, आणि तो फार थोड्यांनी लिहिला. १९४४ मध्ये गावे मुक्त झाली तेव्हा घंटा वाजल्या, झेंडे लागले, आणि चौकाचौकांत बायकांना आणून त्यांचे केस भादरले गेले. त्यांचा अपराध जर्मनांशी संबंध ठेवल्याचा. काहींचा खरा, काहींचा नुसता संशयाचा. अशा बायकांची संख्या सुमारे २०,००० होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मार्गरित द्युरासने लिहिलेल्या आणि आलें रेनेने १९५९ मध्ये पडद्यावर आणलेल्या ‘हिरोशिमा मोन आमूर’मध्ये नव्हेर गावची एक मुलगी अशीच भादरली जाते आणि तळघरात कोंडली जाते. तिचा जर्मन प्रियकर मुक्तीच्या ऐन तोंडावर मेलेला आहे. सारे गाव आनंदात आणि ती तळघरात. मुक्ती खोटी होती असे द्युरास म्हणत नाही. मुक्तीच्या दिवशीही कोणाच्या तरी घरात अंधार असतो, आणि लेखकाने त्या घरात जायचे असते, एवढे ती सांगते.

इटलीच्या आल्बेर्तो मोराव्हियाने हेच अधिक कठोरपणे सांगितले. त्याची १९५७ ची ‘ला चोचारा’ ही कादंबरी डी सिकाच्या ‘टू विमेन’ या चित्रपटामुळे आपल्याकडेही पोहोचली. चेझिरा नावाची दुकानदारीण आपल्या कोवळ्या मुलीला घेऊन रोमच्या बॉम्बवर्षावातून डोंगरात पळते. जर्मन जातात, दोस्तांच्या फौजा येतात, मायलेकी घराकडे निघतात, आणि वाटेतल्या एका पडक्या देवळात फ्रेंच सैन्यातले मोरोक्कन शिपाई त्या दोघींवर अत्याचार करतात. अशा घटना मे १९४४ मध्ये रोमच्या दक्षिणेला खरोखर आणि मोठ्या प्रमाणावर घडल्या. मोराव्हियाने त्या झाकल्या नाहीत, हे त्याचे मोठेपण. परंतु या कादंबरीपाशी मी मुद्दाम थांबतो ते दुसऱ्या कारणासाठी. त्यातल्या मोरोक्कन शिपायांना चेहरा नाही. ते अंधारातून येतात आणि अंधारात जातात. स्वतः फ्रान्सचे गुलाम असलेले हे लोक इटलीला मुक्त करायला कसे आले, त्यांना कोणी आणले, हा प्रश्न चेझिराला पडणे शक्य नव्हते. तो प्रश्न त्यांच्या बाजूच्या लेखकाने विचारायचा होता.

आणि येथे आपण घरी येतो. कारण परक्याच्या साम्राज्यासाठी परमुलखाच्या उंबरठ्यावर उभा राहिलेला शिपाई आपलाही होता.

हिंदी कथेने हा प्रसंग फार लवकर ओळखला. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही कथा १९१५ मध्ये ‘सरस्वती’ मासिकात आली. म्हणजे फ्रान्सच्या चिखलात हिंदी पलटणी लढत होत्या तेव्हाच. लहनासिंग या जमादाराची ती गोष्ट आपण वचन, प्रेम आणि बलिदान यांची गोष्ट म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्या आरंभी खंदकातल्या गप्पांत एका गोऱ्या बाईच्या बागेचा उल्लेख येतो. ती या शिपायांना फळे आणि दूध देते, पैसे घेत नाही, आणि तुम्ही माझा देश वाचवायला आलात असे म्हणते. दोन-तीन वाक्यांचा हा तपशील. पण साऱ्या जन्मात गोऱ्या माणसाकडून हुकूम ऐकलेल्या शेतकऱ्याच्या पोराला गोरी बाई कृतज्ञतेने दूध देते, तेव्हा त्याच्या मनात काय हलले असेल? गुलेरी पुढे गेले नाहीत. दार मात्र त्यांनी उघडून ठेवले.

त्या दारातून मुल्कराज आनंद आत गेले. दुसरे महायुद्ध नुकतेच पेटले तेव्हा प्रसिद्ध झालेल्या ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ या त्यांच्या इंग्रजी कादंबरीत लालू हा पंजाबी तरुण १९१४ मध्ये फ्रान्सला पोहोचतो. एका फ्रेंच शेतकरी कुटुंबाशी त्याचा घरोबा होतो, आणि गोरा माणूस म्हणजे साहेब ही त्याची समजूत त्या घरात ढासळते. गोराही नांगर धरतो, कर्ज काढतो, पावसाची वाट पाहतो. कादंबरी म्हणून हे पुस्तक काही ठिकाणी पसरट आहे. परंतु हा एक साक्षात्कार तिने नेमका पकडला आहे. त्याला आधारही आहे. १९१४ ते १९१८ या काळात फ्रान्समधून हिंदी शिपायांनी घरी धाडलेली पत्रे सेन्सॉरने उघडली आणि त्यांतले उतारे इंग्रजीत करून ठेवले. म्हणूनच ती आज वाचायला मिळतात. त्यांत फ्रेंच घरांतल्या म्हाताऱ्यांच्या मायेविषयी, तिकडच्या मुलींच्या शिक्षणाविषयी, शेतीविषयी किती तरी लिहिलेले आहे. आपल्या मुलींनाही शाळेत घाला, असे खंदकातून घरी कळवणारे शिपाई त्यांत भेटतात.

आता मराठीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेत सुमारे ५०,००० हिंदी सैनिक लढले. ५७८२ जण तेथेच राहिले. त्यांत मराठा पलटणी होत्या. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशिनगनचे ठाणे एकट्याने काबीज करून धारातीर्थी पडले. अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या बांधावर जखमी सोबत्यांना पाण्यातून पलीकडे नेले, परत येऊन शत्रूची ठाणी बंद पाडली, आणि बांधावर उभे राहून शिवरायांचा जयघोष करीत पलटणीला पुढे बोलावले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांच्या स्मरणार्थ इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत. पराक्रमाचा हा भाग आपल्याला ठाऊक आहे, पाठ्यपुस्तकाजोगा आहे, आणि त्याचा अभिमान रास्तच आहे.

पण त्याच मोहिमेतला आणखी एक प्रसंग पाहा. १९४४ च्या जुलै-ऑगस्टच्या सुमारास मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला मोंतेगुफोनी नावाच्या जुन्या गढीत उतरली. गढीत आसपासच्या खेड्यांतून पळून आलेली माणसे, बायका-मुले दाटीवाटीने राहत होती. आणि त्याच दालनांत, भिंतींना टेकवून, फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयातली जगप्रसिद्ध चित्रे बॉम्बपासून वाचवण्यासाठी आणून ठेवलेली होती. बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमावेरा’, म्हणजे ‘वसंत’, त्यांत होते. पाओलो उच्चेल्लोने पाचशे वर्षांपूर्वी रंगवलेले भाले-घोड्यांचे भले थोरले युद्धचित्रही होते. त्या चित्रांवर पहारा बसला तो मराठा शिपायांचा. तोफा जवळच गरजत होत्या.

सातारा-रत्नागिरीकडचा एखादा विशीतला पोरगा, ज्याने चित्र म्हणून देवघरातली तसबीर पाहिली असेल, तो बंदूक घेऊन ‘वसंता’समोर उभा आहे, त्याच्या मागे परक्या गावची लेकरे झोपली आहेत, आणि तो कोणाचा शत्रू, कोणाचा मित्र, कोणाचा नोकर, हे त्याचे त्यालाही धड सांगता येत नाही. कादंबरीकाराला यापेक्षा अधिक काय हवे? हा प्रसंग लिहिला गेला, पण तो एरिक लिंक्लेटर या स्कॉटिश कादंबरीकाराने आणि बीबीसीच्या व्हॉन-टॉमस या वार्ताहराने. दोघेही त्या वेळी तेथे पोहोचले होते. त्यांच्या दृष्टीने गोष्टीचा नायक होता बोत्तिचेल्ली. पहारेकरी पार्श्वभूमीला. त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याने त्याने आपले पाहिले. आपला पहारेकरी आपल्या भाषेत बोलायचा राहिला, हे मराठीचे देणे आहे.

या देण्याला एक अवघड बाजूही आहे, आणि कदाचित तिच्यामुळेच लेखण्या अडखळल्या असतील. १९४४ च्या ज्या महिन्यांत हे शिपाई इटलीतली खेडी मुक्त करीत होते, त्याच महिन्यांत सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार त्याच इंग्रज सरकारशी झुंजत होते. एकाच वाड्यातला थोरला भाऊ साहेबाच्या पलटणीत आणि धाकटा भूमिगत, ही कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही. थोरल्याची मनिऑर्डर येते तिच्यावर धाकट्याची आई रात्रीची भाकरी करते. इटलीतल्या म्हातारीने ज्याला ‘तुम्ही आम्हाला सोडवलेत’ म्हणून दूध दिले, त्याच्या स्वतःच्या दारात त्या रात्री पोलिसांचा झडतीचा कंदील आहे. स्वातंत्र्याच्या इतिहासाने धाकट्याला घेतले, पलटणीच्या इतिहासाने थोरल्याला. वाडा दोघांचा होता, आणि तो कोणीच घेतला नाही.

मराठी कादंबरीला हे जमणारे नव्हते, असे मात्र कोणी म्हणू नये. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ मध्ये आली. तिच्यात तोफ नाही, खंदक नाही. एक बोट आहे. जर्मनीने हाकलून दिलेले ज्यू त्या बोटीवर आहेत, त्यांत हॅर्टा आहे, आणि विलायतेहून परतणारा चक्रधर आहे. मुंबईला चक्रधर उतरू शकतो, हॅर्टा उतरू शकत नाही. देश असलेल्या माणसाची आणि देश हिरावलेल्या माणसाची ही भेट, आणि त्यातही ‘देश असलेला’ माणूस स्वतः गुलाम देशाचा. हे सारे बेडेकरांनी शंभर-सव्वाशे पानांत, हात राखून सांगितले. युरोपातले युद्ध मराठी माणसाच्या उंबरठ्याशी आणून उभे करणारे दुसरे इतके समर्थ पुस्तक दाखवणे कठीण आहे. पुढे चारच वर्षांनी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासितांची छावणी पडली आणि ती १९४८ पर्यंत राहिली. म्हणजे हॅर्टाची भावंडे खरोखरच पंचगंगेच्या काठी येऊन राहिली. ‘रणांगणा’ने पाडलेली वाट तेथून पुढे रुंद व्हायला हवी होती. ती पायवाटच राहिली.

आमच्या नाशिकजवळची देवळालीची छावणी घ्या. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई तेथे महिनोन्‌महिने पडून राहत. उन्हाने, तापाने, रिकामपणाने काहींचे डोके फिरे. त्यावरून इंग्रजी भाषेने वेडसरपणासाठी ‘डूलॅली’ हा शब्द करून घेतला आणि तो कोशात गेला. त्या शिपायांचे कपडे धुणाऱ्या, त्यांना दूध-अंडी पुरवणाऱ्या, त्यांच्यापासून आपल्या पोरी जपणाऱ्या भोवतालच्या गावांनीही त्यांना काही तरी म्हटले असेलच. इंग्रजीने आपला अनुभव शब्दांत साठवला. आपला बोलण्यातच राहिला आणि बोलणाऱ्यांबरोबर गेला.

याहून जवळचा आणि अधिक दुखरा उंबरठा मराठवाड्याचा. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत हिंदी फौजांनी निजामाचे राज्य संपवले. रझाकारांनी गावे जाळली होती, माणसे मारली होती, हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून पळाली होती. त्या लोकांना ती खरोखरीची मुक्ती होती आणि त्या मुक्तीचे साहित्य आपल्याकडे आहे. आठवणी आहेत, इतिहास आहेत, गीते आहेत. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले त्याची पाहणी करायला भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मंडळी धाडली होती. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत असा त्यांचा अंदाज होता. मेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि सर्वांत जास्त झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे दोन मराठी जिल्हे होते. काही ठिकाणी गणवेशातल्या माणसांचाही त्यात हात होता, असे त्या अहवालात आहे. शेजारच्या मुसलमान कुटुंबाला जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यात आहे. हा अहवाल अनेक दशके बांधून ठेवलेला होता.

मला वाटते, नव्हेरच्या तळघरातली मुलगी आणि मराठवाड्यातल्या एखाद्या गढीच्या बळदात शेजाऱ्याने लपवलेले कुटुंब ही एकाच साहित्याची पात्रे आहेत. रझाकारांचा जुलूम सांगताना हात थरथरू नये आणि त्या बळदाचे दार उघडतानाही थरथरू नये. एक सांगितल्याने दुसरे खोटे ठरत नाही. फ्रान्सने आपल्या मुक्तीचा उत्सव सोडला नाही आणि आपल्या भादरलेल्या बायकांची गोष्टही अखेर लपवली नाही. त्याने त्या देशाची मान खाली गेली नाही. जी मुक्ती आपल्या घरातला अंधार दाखवू देत नाही, तिच्यावर लिहिलेले साहित्य निबंधस्पर्धेपुरते उरते.

‘जे पाहिले नाही ते कसे लिहावे?’ असे विचारले जाईल. प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्याला उत्तर आहे. लहनासिंगाचा खंदक लिहिणारे गुलेरी फ्रान्सला गेलेले नव्हते. ते अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकवीत होते. आमच्याच जातकुळीचे, मास्तर. त्यांच्यापाशी वर्तमानपत्रे होती, पलटणीत गेलेल्या गावांची बोली कानात होती, आणि बाकीचे त्यांनी मनाने पाहिले. आजच्या लेखकापाशी तर त्याहून पुष्कळ आहे. पलटणींचे इतिहास आहेत, सेन्सॉरने उतरवलेली पत्रे आहेत, सुंदरलालांचा अहवाल वाचायला मोकळा आहे, आणि नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या संस्थांत जुन्या मासिकांचे गठ्ठे आहेत. नाही ती फक्त त्या पिढीतली माणसे. इटलीला गेलेला शिपाई आज हयात असलाच तर शंभरी ओलांडलेला असेल. त्याच्या सुनेने ऐकलेले, नातवाने अर्धवट ऐकलेले, एवढेच आता शिल्लक आहे, आणि तेही फार दिवस राहणार नाही. ज्याला लिहायचे असेल त्याने आधी त्या सुनांकडे जाऊन बसावे.

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या चावडीवर किंवा वेशीजवळ पहिल्या महायुद्धानंतर सरकारने बसवलेली पाटी अजून दिसते. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके कामास आले. दोन आकडे, आणि खाली साल. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावच्या पाटीवर मृतांचा आकडा ४६ आहे. सरकारला एवढेच हवे होते, आणि पाटी लिहिणाऱ्याने ते चोख लिहिले. गेलेले लोक कोणत्या परक्या घराच्या दारात उभे राहिले, तेथे त्यांना कोणी पाणी दिले, कोणाचे दार त्यांनी लाथेने उघडले, आणि परत आलेले आपल्या स्वतःच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवताना किती बदललेले होते, यासाठी पाटीवर जागा नव्हती. ती जागा कादंबरीत आहे, आणि ती अजून बरीचशी कोरी आहे.